केबल साइझ कॅल्क्युलेटर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव आणि आसपासच्या गावांत मी परवानाधारक विद्युत ठेकेदार म्हणून घरगुती व लहान व्यावसायिक वायरिंगची कामे करतो. गेल्या जूनपासून वायरची जाडी, व्होल्टेज ड्रॉप (वायरीत होणारी व्होल्टेजची घट) आणि अर्थिंगचा रोध (जमिनीत करंट जाण्याला होणारा अडथळा) काढण्यासाठी मी दोन मोफत ऑनलाइन कॅल्क्युलेटर जवळजवळ रोज वापरले. त्यांची आकडेमोड मला कधीही चुकीची आढळली नाही. माझी तक्रार आहे ती चौकटींत आधीच भरून ठेवलेल्या आकड्यांविषयी, कारण घाईत असलेला माणूस त्यांना हात लावत नाही. मीही लावला नव्हता.

फेब्रुवारीत एका खासगी शिकवणीच्या हॉलमध्ये दोन टनांचे तीन एसी बसवायचे होते. प्रत्येक एसी साधारण १२ अँपिअर घेणार, म्हणून मी तेवढा करंट, तांब्याची पीव्हीसी वायर आणि पाइपातील वायरिंग अशी माहिती भरली. अडीच चौरस मिलिमीटरची वायर चालेल, तिची क्षमता २४ अँपिअर, असे उत्तर आले. दुप्पट मोकळीक दिसल्यावर मी तिन्ही लाइनी एकाच पाइपातून गच्चीवरून नेल्या आणि प्रत्येकीला २० अँपिअरची एमसीबी (जादा करंटवर आपोआप बंद होणारा स्विच) दिली. एप्रिलच्या शेवटी मालकांचा फोन आला की डीबीपाशी (एमसीबी बसवलेल्या पेटीपाशी) प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो आहे. मेन बंद करून झाकण काढले, तर एका एमसीबीच्या टर्मिनलपाशी लाल वायरचे इन्सुलेशन बोटभर लांबीत तपकिरी पडले होते आणि इतके कडक झाले होते की वाकवताच त्याला चीर गेली. टर्मिनलचा स्क्रूही अर्धा आटा ढिला होता, आणि ढिला स्क्रू कोणत्याही कॅल्क्युलेटरला दिसत नाही. मात्र सगळा दोष स्क्रूवर ढकलणे मला पटेना, कारण गच्चीवरचा पाइप दुपारी हातात धरवत नव्हता.

त्या रात्री हिशेब पुन्हा मांडला. कॅल्क्युलेटरने भोवतालचे तापमान ३० अंश धरले होते, जे आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या तक्त्यांचे मूळ तापमान आहे. आपल्याकडचे भारतीय मानकाचे तक्ते हवेसाठी ४० अंश धरतात. तापलेल्या गच्चीवरच्या पाइपासाठी ५० अंश धरले, तर पीव्हीसी वायरची क्षमता ज्याने गुणायची तो गुणक ०.७१ होतो, म्हणजे २४ चे १७ अँपिअर उरले. एका पाइपात तीन सर्किट असतील तर आणखी ०.७० ने गुणावे लागते, म्हणजे उरले जेमतेम १२. दिवसभर १२ अँपिअर ओढणाऱ्या एसीला ही वायर काठावर होती, आणि २० अँपिअरची एमसीबी तिचे रक्षण करूच शकत नव्हती, कारण एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंटवर तासभर तरी ट्रिप होत नाही. तापमानाची आणि सर्किटांच्या संख्येची चौकट ‘अधिक पर्याय’ या बटणामागे होती. आता तिथे चार चौरस मिलिमीटरच्या वायरी, अंतर ठेवून तीन स्वतंत्र पाइप आणि सावलीतली भिंत आहे. मालकांकडून त्या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.

व्होल्टेज ड्रॉपसाठी दोन्ही कॅल्क्युलेटर उपयोगी आहेत. फक्त लांबी एका बाजूची मागितली आहे की जाण्यायेण्याची, हे आधी तपासावे. अडीचच्या वायरीवर १२ अँपिअर आणि ४० मीटर अंतर असेल तर सिंगल फेजवर खरा ड्रॉप सुमारे ७ व्होल्ट येतो. माझ्या दोनांपैकी एक कॅल्क्युलेटर फेज आणि न्यूट्रल मिळून लांबी मागतो, त्यामुळे तिथे ४० च भरले की साडेतीन दिसतात. किलोवॅटचे अँपिअर करणे किंवा अमेरिकन मशीनवरील एडब्ल्यूजी (वायरच्या जाडीचे अमेरिकन माप) क्रमांकाचे चौरस मिलिमीटर काढणे यासाठी मी ते निर्धास्त वापरतो.

अर्थिंगसाठी मात्र मी ते वापरणे थांबवले आहे. जमिनीची रोधकता (माती करंटला किती अडवते त्याचे माप) १०० ओहम-मीटर धरली, तर जमिनीत ठोकलेल्या तीन मीटरच्या अर्थिंग रॉडचा रोध सूत्राने साधारण ३३ ओहम येतो आणि पडद्यावर तो हिरव्या अक्षरांत उमटतो. घराचे संरक्षण केवळ त्या रॉडवर अवलंबून असेल, तर गिझरच्या टाकीत फेज उतरल्यावर २३० भागिले ३३, म्हणजे फक्त ७ अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरची एमसीबी त्याने कधीच ट्रिप होणार नाही आणि टाकीत वीज तशीच राहील. तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबीच (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) जीव वाचवते, पण ती बसवा असे त्या पानावर कुठेही लिहिलेले नाही. शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. माझ्याच घरच्या रॉडला अर्थ टेस्टरने ऑगस्टमध्ये ९ ओहम आणि याच महिन्यात ३१ ओहम दाखवले. कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही वेळी एकच उत्तर होते.