ऑप्टोमेट्रीकडे जाताना पदवी कशात घ्यावी : जीवशास्त्र की भौतिकशास्त्र?

ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचे शास्त्र. महाराष्ट्रात बारावीनंतर थेट त्याच्या पदवीला, बी. ऑप्टोम.ला, प्रवेश घेता येतो. अमेरिकेत मात्र चार वर्षांच्या ओ.डी. (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) अभ्यासक्रमाआधी कॉलेजची तीन-चार वर्षे काढावी लागतात, आणि त्या काळात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता घ्यायचा हे इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी घरांतून दर वर्षी कोणी ना कोणी विचारतेच. ऑप्टोमेट्रीची महाविद्यालये अमुकच मेजर हवा असा आग्रह धरत नाहीत; कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीसारख्या ठिकाणी पदवी हातात असणे सक्तीचे असले, तरी ती कशातली असावी हे विद्यार्थ्यावरच सोडलेले आहे. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन या व्यवसायात आलो आणि माझे बहुतेक वर्गमित्र जीवशास्त्रातून आले, त्यामुळे दोन्ही वाटा मला जवळून पाहता आल्या.

जीवशास्त्राची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सेंद्रिय रसायन हे प्रवेशासाठी मागितले जाणारे विषय बहुधा पदवीच्या आराखड्यातच बसतात, त्यामुळे वेगळी जुळवाजुळव फारशी करावी लागत नाही. ओएटी या ऑप्टोमेट्रीच्या प्रवेश परीक्षेच्या नैसर्गिक विज्ञान विभागात ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ४० जीवशास्त्राचे आणि उरलेले सामान्य व सेंद्रिय रसायनाचे, प्रत्येकी ३०. हा सगळा भाग जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या सवयीचा असतो. मला मात्र त्यासाठी अख्खा उन्हाळा द्यावा लागला. शिवाय भोवतालची मुले मेडिकल आणि डेंटलच्या तयारीत असल्यामुळे अभ्यासाला सोबत आणि सल्ला आयता मिळतो.

तरीही मी तिकडे गेलो नाही, याचे कारण एकच आहे आणि ते वरकरणी किरकोळ वाटेल. जीवशास्त्राच्या आराखड्यात भौतिकशास्त्राला साधारण दोन सत्रे मिळतात. पहिल्यात गती, बल, ऊर्जा. दुसऱ्यात विद्युत आणि चुंबकत्व. आणि पुस्तकांचा क्रमच तसा असल्यामुळे प्रकाशशास्त्र अगदी शेवटी. माझ्या कॉलेजात दुसरे सत्र सर्किटांमध्येच रेंगाळले, आरसे आणि भिंगे शेवटी घाईघाईने उरकली गेली, आणि मानवी डोळा, लघुदृष्टी व चष्मा हे प्रकरण तर घरी वाचून घ्या म्हणून सोडून दिले गेले. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न आला नाही. ज्याला पुढे आयुष्यभर भिंगांबरोबरच काम करायचे आहे, त्याच्या अभ्यासातून नेमका हाच भाग कापला जावा, हे मला फार लागले. वरच्या वर्गांना प्रकाशशास्त्राचा स्वतंत्र विषय होता, पण त्यासाठी आधी तरंगांचा विषय घेणे आवश्यक होते आणि त्याचे प्रात्यक्षिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या दुपारीच असे. त्या वेळापत्रकातून तिथवर पोहोचायला मला वाट दिसली नाही. मी भौतिकशास्त्र हा मेजर जाहीर केला आणि सूक्ष्मजीवशास्त्र उन्हाळी सत्रात पूर्ण केले.

प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत ऑप्टिकल बेंचवर भिंग पुढे-मागे सरकवायचे, पडद्यावरची प्रतिमा रेखीव झाली की थांबायचे आणि अंतरे लिहून घ्यायची, हेच काम आठवड्यामागून आठवडे चाले. ओ.डी.च्या पहिल्या वर्षी तेच डायॉप्टरच्या, म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याच्या एककाच्या, हिशेबात समोर आले. वस्तू भिंगापासून ५० सेंमीवर असेल, तर भिंगाशी पोहोचणारा प्रकाश उणे २.०० डायॉप्टरने फाकलेला असतो. भिंग अधिक ५.००चे असेल, तर बाहेर पडताना तो अधिक ३.००ने एकवटतो आणि प्रतिमा सुमारे ३३ सेंमीवर उमटते. हे एकदा हातात बसले, की डोळ्यापासून १२ मिमीवर असलेल्या चष्म्याचा उणे ६.०० नंबर कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सुमारे उणे ५.६० का होतो, हे पाठ करावे लागत नाही. जीवशास्त्रातून आलेले अतिशय हुशार वर्गमित्र अधिक-उण्याच्या चिन्हांपाशी अडखळताना मी पाहिले, आणि बोर्डाच्या, म्हणजे व्यवसायाच्या परवान्यासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या, पहिल्या भागाची तयारी करतानाही त्यांना धास्ती होती ती याच विषयाची. सर्वांचेच असे होते, असा दावा मी करणार नाही. मात्र बर्कलीत १९२३ मध्ये ऑप्टोमेट्रीचे शिक्षण सुरू झाले ते भौतिकशास्त्र विभागात, आणि त्यामागचे कारण मला त्या पहिल्या वर्षात पुरते पटले.

भौतिकशास्त्राची किंमतही मोजावी लागते. क्वांटम यांत्रिकी किंवा विद्युतगतिकी रुग्ण तपासताना कधी उपयोगी पडत नाही, आणि त्या विषयांत गुण सहज घसरतात. प्रवेश समिती जीपीए (पदवीतल्या गुणांची सरासरी) पाहते, तेव्हा तो कठीण विषयांमुळे घसरला याची ती कितपत दखल घेईल, हे गृहीत धरता येत नाही. औषधशास्त्र आणि डोळ्याची शरीररचना शिकताना पाठांतराची सवय असलेली मुले माझ्या पुष्कळ पुढे होती. मेडिकलचाही पर्याय उघडा ठेवायचा असेल किंवा गणिताशी मुळातच वाकडे असेल, त्याने जीवशास्त्रच घ्यावे हे बरे.

पण ज्याचे मन ऑप्टोमेट्रीवर पक्के आहे आणि ज्याला कॅल्क्युलसची भीती वाटत नाही, त्याने भौतिकशास्त्राचा गंभीरपणे विचार करावा, असे मला वाटते. शरीरशास्त्राचे विषय ओ.डी.मध्ये पुन्हा सविस्तर शिकवले जातात. प्रकाशशास्त्रही शिकवले जातेच, परंतु तिथला वेग असा असतो की ज्याने भिंगाला कधी हात लावलेला नाही त्याची दमछाक होते. मेजर जाहीर करण्याची मुदत बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस असते. त्याआधी आपल्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये प्रकाशशास्त्राचा विषय दर वर्षी असतो की वर्षाआड, त्यासाठी आधी कोणते विषय लागतात आणि त्याचे प्रात्यक्षिक कोणत्या वारी असते, एवढे पाहून घ्यावे. तो विषय जीवशास्त्राच्या वेळापत्रकात बसत असेल, तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही.