डिस्टेंपर की इमल्शन? कमी बजेटात घर रंगवायचंय त्यांच्यासाठी

पाऊस ओसरायला लागला की नाशकात घरोघरी एकच विषय, यंदा कलर करायचा का पुढच्या वर्षी बघू. त्यात 2027 चा कुंभ आहे, म्हणजे ज्यांच्याकडे एरवी कोणी फिरकत नाही त्यांच्याकडेही पाहुणे उतरणार. पैसे मात्र तेवढेच. मग गाडी येऊन अडते ती डिस्टेंपर मारायचं की इमल्शन यावर. दोन्ही भिंतीचे पाण्यातले रंग, डिस्टेंपर स्वस्तातलं आणि भुकटी सुटणारं, इमल्शन वाळलं की प्लॅस्टिकसारखा थर धरणारं. माझं मत आधीच सांगून टाकते, घर स्वतःचं असेल तर साधं इमल्शन, भाड्याचं असेल तर बिनधास्त डिस्टेंपर, आणि भिंतीला ओल असेल तर सध्या दोन्ही नाही.

आधी पैशाचं बघू. दुकानात नुसता भाव विचारला तर डिस्टेंपर खूपच स्वस्त वाटतं, आणि ते आहेच स्वस्त, पण डिस्टेंपर मिळतं किलोवर आणि इमल्शन लिटरवर, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. 20 किलोची बादली म्हणजे 20 लिटर नव्हे, माल घट्ट आणि जड असतो, त्यामुळे डब्याला डबा लावून भाव बघण्यात अर्थ नाही. दोन्ही डब्यांवर कव्हरेज, म्हणजे किती चौरस फुटाला पुरेल ते, लिहिलेलं असतं ते बघा, एका हाताचं (म्हणजे एका थराचं) आहे की दोन हातांचं तेही बघा, आणि वर थोडं जास्तच धरा कारण तो आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. आपल्या खोलीचं माप काढणं अवघड नाही. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, तर चार भिंतींचे 440 चौरस फूट, छताचे 120, दार-खिडकीचे साधारण 60 वजा केले की 500. एवढं कागदावर लिहून नेलं तर दुकानदारही नीट बोलतो.

आता खरी मेख पुढे आहे. घर रंगवण्याचा खर्च म्हणजे नुसता डबा नाही ना. सामान हलवायचं, जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, लांबी (भिंत सपाट करणारी पुट्टी) ओढायची, ती वाळली की पॉलिश पेपरने घासायची, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारायचा आणि मग कुठे रंगाचे दोन हात. भिंत खराब असेल तर यातलं जवळपास सगळं डिस्टेंपरलाही करावं लागतं आणि इमल्शनलाही, मजुरीत फरक पडलाच तर थोडा. म्हणून पूर्ण घराच्या बिलात डिस्टेंपरमुळे वाचणारे पैसे दुकानात वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी निघतात. पेंटरकडून कोटेशन घेताना दोन्हीचं वेगवेगळं मागा, लांबी किती हात, प्रायमर आहे की नाही, रंगाचे किती हात, सगळं लिहून. नुसतं 'टूबीएचकेचे एवढे' असं तोंडी सांगणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

टिकण्याच्या बाबतीत तुलनाच नाही. आमच्या मावशीचा इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट आहे, तिथे हॉलला साधं इमल्शन आहे, आणि बहीण पाथर्डी फाट्याला भाड्याने राहते तिथे डिस्टेंपर. दोन्हीकडे लहान पोरं. मावशीकडे स्विचबोर्डभोवतीचे काळे हात आणि पेन्सिलच्या रेघोट्या ओल्या फडक्याने बऱ्यापैकी निघतात, जोर लावून घासलं की तेवढी जागा चकाकते एवढंच, शेवटी ते महागातलं धुता येणारं इमल्शन नाही. बहिणीकडे फडकं फिरवलं की डाग तसाच, वर फडक्याला रंग लागतो आणि भिंतीवर ढगासारखा पांढरट ओघळ राहतो. सोफ्याच्या मागे तर, जिथे डोकं टेकतं तिथे, तेलाचा गोल उमटलाय तो काही जाणार नाही. पण बहिणीला त्याचं काही वाटत नाही, घर सोडताना मालक परत मारूनच घेणार आहे, मग तिने स्वतःचे पैसे कशाला घालायचे.

आपल्या भिंतीवर सध्या काय आहे ते माहीत नसेल तर तळहात जोरात घासून बघा. हाताला भुकटी लागली तर डिस्टेंपर किंवा चुना. आणि हे महत्त्वाचं आहे, कारण भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर थेट इमल्शन मारलं तर ते भिंतीला धरत नाही, त्या भुकटीला धरतं, आणि मग पोपडे निघायला लागतात. आधी खरवडणं आलंच. म्हणजे आत्ता स्वस्तात डिस्टेंपर आणि पुढच्या वेळी इमल्शन असा विचार करणाऱ्याने पुढच्या खरवडण्याची मजुरीही आजच मोजावी.

डिस्टेंपरची बाजूही सांगते, उगाच बदनामी नको. ते मॅट असतं, उजेड परतवत नाही, त्यामुळे वाकडातिकडा गिलावा झाकला जातो. चकाकणारं इमल्शन खडबडीत भिंतीवर मारलं की खिडकीतून तिरका उजेड आला रे आला, प्रत्येक उंचवटा दिसतो. चांगले पेंटर लांबी घासताना भिंतीला लागून बल्ब धरतात ते यासाठीच. लांबीचं बजेट नसेल तर इमल्शन घेतलं तरी मॅट फिनिशचंच घ्या. आणि छताला डिस्टेंपर अगदी चालतं, तिथे कोण हात लावतंय.

ओलीचं मात्र आधी बघा. सिडकोतल्या जुन्या घरांत, टेरेसखालच्या मजल्यावर, बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे आणि पांढरा खार दिसत असेल तर कितीही भारी रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. शंका असेल तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा, आतल्या बाजूला दमटपणा दिसला तर भिंत अजून ओली आहे. आधी गळती, पाइप, टेरेस बघा, रंगाचे पैसे तिकडे वळवा. पंचवटीत, जुन्या नाशकात वाड्यांच्या चुन्याच्या भिंती आहेत त्यांना तर मी इमल्शन सुचवणारच नाही. त्या भिंतीतून ओल बाहेर पडायला वाट हवी असते, वर प्लॅस्टिकसारखा थर बसला की फुगे धरतात. तिथे चुनाच बरा, स्वस्तही आहे, कपड्यांना लागतो तेवढं सोसायचं.

बजेट अगदीच ओढाताणीचं असेल तर मधला रस्ता निघतो. छत आणि बेडरूम डिस्टेंपर, हॉल आणि पॅसेज इमल्शन. किंवा जुन्या घरांत खालच्या चार फुटांना ऑइलपेंटचा पट्टा असायचा ना, तीच आयडिया, खाली जिथे हात-पाय-सायकल लागते तिथे चांगलं धुता येणारं इमल्शन आणि वर साधं, मध्ये टेप लावून सरळ रेघ. दोन शेड नीट निवडल्या तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

एक भिंत गडद करायची फॅशन आहे, ती खिशाला परवडते कारण एकच भिंत. पण गडद शेडला दुकानातल्या मशीनवर जास्त कलरंट (शेड आणणारा घट्ट रंग) पडतो म्हणून डबा महाग पडतो, शिवाय लाल-पिवळ्यासारख्या शेड दोन हातांत झाकतीलच असं नाही, तिसरा हात धरून चाला. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून ठरवू नका, छोटा डबा आणून दोन वेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटाचा पॅच मारा आणि दुपारी बघा, रात्री लाइट लावूनही बघा. दुकानात मस्त दिसणारा राखाडी घरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली कधी कधी निळा मारतो. अंधाऱ्या खोलीला क्रीम, ऑफव्हाइट असं उबदार काहीतरी, आणि शेडचा कोड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा, टचअपला लागतो.

पेंटरशी बोलताना 'ट्रॅक्टर मारतो' किंवा 'बायसन मारतो' एवढ्यावर हो म्हणू नका. एशियनच्या ट्रॅक्टरमध्ये डिस्टेंपरही आहे आणि इमल्शनही, बर्जरच्या बायसनचंही तसंच, त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. रंगात पाणी किती घालायचं तेही डब्यावर असतं, जास्त पाणी म्हणजे डबा जास्त पुरतो पण भिंत दिसते. शक्य असेल तर माल आपण आणायचा आणि मजुरी वेगळी, डबे आपल्यासमोर फोडायचे.

दारं-खिडक्या जुन्या ऑइलपेंटच्या असतील तर तिथे जरा जपून. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) केली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही, ओला करून वॉटरपेपरने घासायचा आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे पाठवायचं.

स्वतः मारायचा विचार असेल तर इमल्शन आणि रोलर, एक खोली शनिवार-रविवारात होऊ शकते, फक्त लांबी स्वतः ओढायच्या फंदात पडू नका, तो हात सरावाचा आहे. आणि दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात काम काढू नका, पेंटर मिळत नाही, मिळाला तर चार घरं एकदम धरतो, आणि पावसाने भिजलेल्या भिंतीही नीट वाळलेल्या नसतात. थंडीत हवा कोरडी असते, पेंटरही मोकळे असतात, सकाळी गारठा असतो म्हणून पहिला हात जरा उन्हं वर आल्यावर मारायचा एवढंच. दिवाळीला पाहुणे येणारच असतील तर फक्त हॉल उरकून घ्या, बाकीचं डिसेंबरात.