घरचं साजूक तूप की विकतचं?

घरचं तूप फुकट पडतं, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण 60 ग्रॅम. त्याचे पैसे आपण दुधाच्या पिशवीतच मोजलेले असतात. साय काढली की उरलेलं दूध तेवढं पातळ होतं, आणि कितीही तापवलं तरी सगळा स्निग्धांश सायीत येत नाही. टोन्ड, म्हणजे कमी स्निग्धांशाचं दूध घेणाऱ्यांनी तर या फंदात पडूच नये.

तरीही रोज लिटर-दीड लिटर फुल क्रीम दूध लागत असेल, तर माझं मत घरच्या तुपालाच. कारण हिशेब फक्त तुपाचा नाही. सायीला विरजण लावून घुसळलं की लोण्यासोबत ताक मिळतं, त्याची कढी होते. कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून पोरं चाटूनपुसून खातात. विकतच्या बरणीत यातलं काही येत नाही.

साय मात्र फार दिवस साठवली तर कडवटते. लोणी थंड पाण्याने दोन-तीनदा धुवावं आणि मंद आचेवरच कढवावं. घाई केली की करपलंच.

विकतच्या तुपात वेळ, गॅस आणि तुपकट भांडी वाचतात. दोघांच्या घराला तेच परवडतं. फक्त सुटं, संशयास्पद स्वस्त तूप नको. त्यात वनस्पती तुपाची भेसळ असू शकते. अ‍ॅगमार्कचा शिक्का पाहून घ्या.