सरकारी इस्पितळातलं आयसीटीसी: माझ्या चार खेपा

उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राबद्दल, म्हणजे आयसीटीसीबद्दल लिहिते आहे. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण दोन तक्रारीही करायच्या आहेत आणि तिथल्या ताईंना त्याचा त्रास व्हायला नको.

चवथीच्या आधीच्या शनिवारी रात्री आम्ही दोघं निरोध न वापरता एकत्र आलो. रविवारी सकाळी मी फार्मसीतून गोळी आणून घेतली आणि सुटले असं समजले. सोमवारी रात्री त्यानंच फोनवर सांगितलं, माझ्याआधीही त्याचे संबंध होते आणि त्यानं कधीच तपासून घेतलेलं नाही. गोळीनं गर्भ टळतो, रोग टळत नाही, हे त्या क्षणी डोक्यात शिरलं. मंगळवार मी मोबाइलवर लक्षणं वाचण्यात घालवला. घशात खवखवलं तरी काळजात धस्स व्हायचं.

बुधवारी एका खाजगी लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीनं तपासणीचं नाव चारचौघांत मोठ्यानं वाचलं. 'फुल पॅनेल' म्हणून दोन हजार आठशे रुपये घेतले. कधी, काय झालं, एका शब्दानं विचारलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला, सगळं निगेटिव्ह. घरी गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायची तयारी चालली होती, मी हसत हसत आईला सुपाऱ्या निवडून दिल्या. पण चौथ्या दिवशीच्या त्या रिपोर्टला काही अर्थ नव्हता, हे मला तेराव्या दिवशी कळलं.

तेरावा दिवस शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजाराला जाते असं सांगून पेडण्याहून कदंब बस पकडली. पिशवी घेऊनच इस्पितळात शिरले. केंद्राचा बोर्ड ऐन रस्त्यात, एचआयव्हीची खूण असलेली लाल फीत मोठी रंगवलेली, आणि खालचं बाकडं ओपीडीच्या रांगेकडे तोंड करून. ही माझी पहिली तक्रार. गावातली एक बाई रांगेत होतीच. "गो, तू हांगा?" मी म्हटलं, कंपनीची मेडिकल आहे.

एवढी भीती का, ते सांगते. १९८९ साली म्हापशातच डॉमिनिक डिसोझा या रक्तदान करणाऱ्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांकरवी नेऊन जुन्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस ठेवलं होतं. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यानं. आई अजून ती गोष्ट सांगते, आवाज खाली करून. मी लहानपणापासून हेच ऐकत आले, की या आजाराचं नाव कागदावर चढलं की माणूस गेला.

आत मात्र नाव कुणी पुकारलं नाही, नंबर पुकारला. समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, आधी बस. पाणी पी." मग सगळं विचारलं: कधी, कसं, पाळी कधी आली, त्याची तपासणी झाली आहे का. विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर एकदाही आठी आली नाही. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी त्यांनी सांगितलं, की एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तुझ्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "७२ तासांचं कुणी सांगितलं नाही तुला?"

कुणीच नव्हतं सांगितलं. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, एचआयव्ही टाळण्याची औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. सोमवारी रात्री माझ्या हातात अजून पूर्ण दिवस होता. फार्मसीत गोळी देणाऱ्यानं एक वाक्य बोलायला हवं होतं. हे लिहायला बसले त्याचं अर्धं कारण हे आहे.

ताईंनी केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघ मारली. एका टोकाला तो शनिवार, मग खुणा. एचआयव्हीची तिथली रॅपिड तपासणी आज करू, पण ती फक्त त्या शनिवारच्या आधीची स्थिती सांगेल. सहा आठवड्यांनी परत ये, तीन महिने भरल्यावरचा निकाल पक्का धरायचा. सिफिलिस या गुप्तरोगाची व्हीडीआरएल ही रक्ततपासणीही तशीच, तीन महिन्यांनी पुन्हा. सिफिलिसची जखम दुखत नाही, म्हणून नजरेतून सुटते. क्लॅमिडिया, हाही संबंधांतूनच होणारा रोग, त्याची तपासणी दोन आठवड्यांनंतर. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर तीन डोस घेऊन टाक. तेरा दिवस माझ्या डोक्यात जे नुसतं गरगरत होतं ते त्या एका रेघेवर येऊन बसलं. घरी जाऊन कालनिर्णयावर पेन्सिलनं ठिपके दिले. आईनं विचारलं तर म्हटलं, गॅसच्या तारखा.

रक्त तपासायला पैसे लागले नाहीत, रिपोर्ट त्याच दिवशी, ताईंनी समोर बसवून सांगितला.

दुसरी तक्रार: क्लॅमिडियाची तपासणी तिथं होत नव्हती, बाहेर पाठवलं. मला कसलाही त्रास नव्हता, म्हणून जाऊ की नको असं झालं होतं. ताईंनी निक्षून सांगितलं होतं, बायकांना बहुतेकदा काहीच जाणवत नाही आणि आत गर्भनलिकांपर्यंत पसरू शकतं. गेले. पॉझिटिव्ह निघालं.

त्या दिवशी थेट केंद्रात आले, नंबर न घेता दारात उभी राहिले. ताई मला स्वतः डॉक्टर बाईंकडे घेऊन गेल्या. गरोदर नाही याची खात्री करून डॉक्सिसायक्लिन लिहून दिली, दिवसातून दोनदा, सात दिवस. त्यालाही उपचार हवेत, नाहीतर पुन्हा तुलाच होईल, असं डॉक्टर बाईंनी दोनदा बजावलं. त्याला फोन करणं हे सगळ्यात अवघड काम होतं. बोलायचं कसं, ते ताईंनी माझ्याकडून आधी म्हणून घेतलं.

सहा आठवड्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिने भरले तो दिवस ३ डिसेंबर, गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, सुट्टी. सोमवारी गेलो, दोघंही. तो त्याच बाकड्यावर माझ्या शेजारी बसला, रांगेकडे तोंड करून. एचआयव्ही, व्हीडीआरएल दोन्ही निगेटिव्ह, क्लॅमिडियाही गेला होता.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, जेवणाच्या सुट्टीआधी रक्त द्या. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे. आणि ७२ तास उलटले नसतील तर हे वाचत बसू नका, आत्ता निघा.