सिग्नल आणि इमेज प्रोसेसिंगच्या संशोधनासाठी मोफत साधनं: कुठली भरवशाची, कुठं अडतं

मोफत साधनांची यादी कुणीही देतं. खरा प्रश्न असतो तो त्यातल्या कुठल्या साधनावर आपला पेपर उभा करायचा हा. त्यासाठी कसोटी एकच ठेवावी: छापून आलेला एखादा आकडा त्या साधनाच्या आधारे आपल्या संगणकावर पुन्हा निघतो का? या कसोटीवर आयपीओएल हे नियतकालिक आणि फिजिओनेट हा ईसीजीसारख्या शारीरिक सिग्नलचा संग्रह ही दोन ठिकाणं बाकीच्यांच्या बरीच पुढे आहेत. इतर साधनंही उपयोगाची आहेत, पण प्रत्येकाची खोड माहीत असली तरच.

आयपीओएल म्हणजे ‘इमेज प्रोसेसिंग ऑन लाइन’ हे संशोधन नियतकालिक. इथल्या लेखात अल्गोरिदमचं सविस्तर वर्णन आणि सूडोकोड असतो, सोबत सोर्स कोड असतो आणि ब्राउझरमध्येच चालवून बघता येईल असा डेमो असतो. मोठी गोष्ट ही की समीक्षक कोडही तपासतात, म्हणजे लेखात लिहिलंय तेच कोड करतो का हे कुणीतरी पाहिलेलं असतं. नॉन-लोकल मीन्स आणि बीएमथ्रीडी या नॉइज काढायच्या पद्धती, एलएसडी हा रेषा शोधणारा अल्गोरिदम, सिफ्ट हा इमेजमधले ठळक बिंदू शोधणारा अल्गोरिदम हे सगळं इथे उलगडून सांगितलेलं आहे. मूळ पेपरमध्ये ‘योग्य मूल्य निवडावं’ म्हणून सोडून दिलेले पॅरामीटर इथे आकड्यासकट सापडतात. इमेज डीनॉइजिंगमध्ये, म्हणजे इमेजमधला नॉइज काढण्यात, पहिल्यांदा उतरणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

काम करायची पद्धत अशी ठेवा. आधी डेमोमध्ये तिथलीच एखादी इमेज घ्या, नॉइजचा सिग्मा (प्रमाण विचलन) 25 ठेवा, निकाल उतरवून घ्या. मग कोड डाउनलोड करून तोच प्रयोग आपल्याकडे चालवा. बराचसा कोड सी आणि सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यामुळे पहिला अडथळा कंपाइल करताना येतो: ‘पीएनजी डॉट एच सापडली नाही’. लायब्ररी तर संगणकावर आहे, मग एरर का? कारण लायब्ररी चालवायला लागणारी फाइल आणि कंपाइल करायला लागणारी हेडर फाइल वेगवेगळ्या पॅकेजमध्ये असतात. लिनक्सवर पीएनजी, टिफ आणि एफएफटीडब्ल्यूची डेव्हलपमेंट पॅकेजेस टाकली की बहुतेक लेखांचा कोड उभा राहतो.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. सिग्मा 25 चा नॉइज घातलेल्या इमेजचा पीएसएनआर, म्हणजे मूळ इमेजशी ती किती जवळची आहे हे सांगणारा आकडा, किती यायला हवा हे कागदावर काढता येतं: 255 भागिले 25 म्हणजे 10.2, त्याच्या लॉगॅरिदमची 20 पट म्हणजे 20.17 डेसिबल. तुमचा आकडा याच्या वर सरकला असेल तर बहुधा नॉइजी इमेज 8 बिटांच्या पीएनजीमध्ये साठवलेली असते. तसं केलं की 0 च्या खालची आणि 255 च्या वरची मूल्यं कापली जातात, गडद आणि उजळ भागातला नॉइज आपोआप कमी होतो, आणि डीनॉइजरला सांगितलेला सिग्मा खरा राहत नाही. मधली इमेज फ्लोट टिफमध्ये ठेवा. शिवाय दोन प्रोग्रॅमची तुलना करताना दोघांना नॉइज घातलेली एकच फाइल द्या. प्रत्येकाने आपापला नॉइज तयार केला तर रँडम सीडमुळे आकडे थोडे हलतात आणि तो फरक पद्धतीचा आहे असं वाटत राहतं.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. आयपीओएलच्या डेमोमध्ये वापरकर्त्यांनी चढवलेल्या इमेजेस आणि त्यांचे निकाल सार्वजनिक संग्रहात जाऊ शकतात. रुग्णाचे स्कॅन किंवा ओळखीच्या माणसांचे फोटो तिथे टाकू नयेत. अशा इमेजेससाठी कोड उतरवून घ्या आणि आपल्याच संगणकावर चालवा.

सिग्नलवाल्यांसाठी तेच स्थान फिजिओनेटचं. 1999 पासून चालू असलेल्या या संग्रहातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा डेटा म्हणजे एमआयटी-बीआयएच ॲरिदमिया (हृदयाची अनियमित लय) डेटाबेस: 47 व्यक्तींचे 48 ईसीजी रेकॉर्ड, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचं, दोन चॅनेल, सेकंदाला 360 सॅम्पल, 11 बिट. डाउनलोडला नोंदणी लागत नाही. पायथनमध्ये डब्ल्यूएफडीबी पॅकेज टाकलं की रेकॉर्ड थेट वाचता येतं.

वाचल्यावर लगेच पडताळा घ्या. रेकॉर्ड 100 चं पहिलं सॅम्पल कच्च्या स्वरूपात 995 आहे. बेसलाइन (शून्य मिलिव्होल्टची कच्ची किंमत) 1024 आणि गेन मिलिव्होल्टला 200 एकक, म्हणून पहिली किंमत उणे 0.145 मिलिव्होल्ट यायला हवी. दुसऱ्या चॅनेलचं 1011, म्हणजे उणे 0.065. हे आकडे आले नाहीत तर फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली जातेय. या डेटाबेसच्या फाइल्स फॉरमॅट 212 मध्ये आहेत, म्हणजे 12 बिटांची दोन सॅम्पल तीन बाइटमध्ये दाबून बसवलेली. स्वतः बाइट वाचायला जाणारे इथेच चुकतात. पॅकेजवर सोपवा.

मग ठोक्यांच्या खुणा, म्हणजे अनोटेशन. रेकॉर्ड 100 मध्ये पहिली खूण 18 व्या सॅम्पलवर आहे, पण ती अधिक चिन्हाची आहे. हा ठोका नाही, हृदयाची लय कोणती ते सांगणारी नोंद आहे. खरा पहिला ठोका 77 वर आणि त्यापुढचा 370 वर. 77 ते 370 म्हणजे 293 सॅम्पल, सुमारे 0.81 सेकंद, मिनिटाला 74 च्या आसपास ठोके. अधिक चिन्हाची नोंद न गाळता सरळ सगळ्या खुणांमधली अंतरं काढली तर पहिलंच अंतर 59 सॅम्पलचं येतं आणि नाडी मिनिटाला 366 निघते. नॉइज आणि आर्टिफॅक्टच्या खुणाही याच यादीत मिसळलेल्या असतात, त्याही गाळाव्या लागतात.

पहिला चॅनेल म्हणजे एमएलटू लीड (लीड म्हणजे ईसीजी मोजायची ठरलेली जोडणी) असं गृहीत धरून लिहिलेला कोड इथे तीन ठिकाणी चुकतो. 102 आणि 104 मध्ये एमएलटू नाहीच, आणि 114 मध्ये तो दुसऱ्या चॅनेलवर आहे. म्हणून चॅनेल क्रमांकाने नाही, लीडच्या नावाने उचला. वीजपुरवठ्याची गुणगुण काढायला नॉच फिल्टर लावायचा असेल तर 60 हर्ट्झचा लावा, कारण रेकॉर्डिंग अमेरिकेतलं आहे. सवयीने 50 लावला तर गुणगुण तशीच राहते.

आणि ट्रेनिंग-टेस्टची विभागणी. ठोके रँडम वाटून दिले तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे जातात आणि ॲक्युरसी फुगते. हे आता बहुतेकांना माहीत आहे, म्हणून रेकॉर्डप्रमाणे वाटणी करतात: पेसमेकरचे 102, 104, 107 आणि 217 वगळून उरलेल्या 44 चे 22-22 असे दोन गट. पण 201 आणि 202 हे दोन्ही रेकॉर्ड एकाच व्यक्तीचे आहेत, आणि रूढ झालेल्या वाटणीत 201 ट्रेनिंगमध्ये, 202 टेस्टमध्ये पडतं. जुन्या पेपरशी तुलना करायची तर तीच वाटणी ठेवा, पण पेपरमध्ये हे नमूद करा आणि 202 वगळूनही आकडा द्या. समीक्षकाने विचारायच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

फिजिओनेटवरचं सगळंच मात्र असं खुलं नाही. मिमिकसारख्या रुग्णालयीन डेटासाठी ओळख पडताळणी, मानवी संशोधनाचं प्रशिक्षण आणि वापराचा करार पूर्ण करावा लागतो. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. प्रकल्पाच्या वेळापत्रकात तो आधीच धरा.

इमेज डेटासेटमध्ये यूएससी-एसआयपीआय हा सर्वांत जुना संग्रह, 1977 पासूनचा. टेक्श्चर, हवाई छायाचित्रं, मँड्रिल, पेपर्स वगैरे टिफमध्ये मिळतात. फिल्टर नीट चालतो का हे बघायला छान, पण आजच्या पेपरचा मुख्य पुरावा म्हणून अपुरा: इमेजेस थोड्या आणि त्यांचे हक्क स्पष्ट नाहीत. लेना ही जुनी प्रसिद्ध चाचणी-इमेज तर वापरूच नका. आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल 2024 पासून ती असलेले पेपर घेणं बंद केलं आहे. कोडॅकच्या 24 रंगीत इमेजेस कॉम्प्रेशनसाठी अजूनही चालतात.

बर्कलेचा बीएसडीएस500 हा इमेज-संच जपून वापरावा लागतो. त्यात 200 ट्रेनिंग, 100 व्हॅलिडेशन आणि 200 टेस्ट इमेजेस आहेत. आधीच्या 300 च्या संचातल्या 100 टेस्ट इमेजेस नव्या संचात व्हॅलिडेशन झाल्या. डीनॉइजिंगच्या पेपरांत दिसणारा बीएसडी68 त्याच 100 मधून घेतलेला आहे. म्हणजे पाचशेच्या पाचशे इमेजेसवर नेटवर्क शिकवून बीएसडी68 वर तपासलं की टेस्टच्या इमेजेस त्याने आधीच पाहिलेल्या असतात. शिवाय या इमेजेस जेपेग आहेत, त्यामुळे ‘स्वच्छ’ म्हणून घेतलेल्या इमेजमध्येही आठ बाय आठचे ब्लॉक दडलेले असतात. कमी सिग्माचे प्रयोग करणाऱ्याने हे विसरू नये.

आता सॉफ्टवेअर. सायपाय, सायकिट-इमेज आणि ओपनसीव्ही या तीन लायब्ररींत संशोधनाचं जवळजवळ सगळं काम होतं, आणि तिघांचीही लायसन्स उदार आहेत. गोंधळ होतो तो डीफॉल्टमुळे. सिग्नलचा स्पेक्ट्रम काढणारा सायपायचा वेल्च 256 सॅम्पलचे तुकडे आणि हान विंडो धरतो, मॅटलॅबचा पीवेल्च आठ तुकडे आणि हॅमिंग. काहीही न सांगता दोन्ही चालवून आलेख जुळत नाहीत म्हणून दिवस घालवू नका; विंडो, लांबी आणि ओव्हरलॅप हाताने लिहा. 360 हर्ट्झच्या ईसीजीवर 0.5 ते 40 चा बँडपास बटरवर्थ काढताना गुणकांच्या जोडीऐवजी एसओएस स्वरूप (दुसऱ्या दर्जाच्या छोट्या फिल्टरांची साखळी) मागा. खालची कटऑफ सॅम्पलिंगच्या मानाने फार लहान असल्याने पोल एकच्या अगदी जवळ जातात आणि राउंडिंगच्या चुकीने फिल्टर अस्थिर होऊ शकतो. फिल्टफिल्ट वापरलात तर फिल्टर दोनदा लागतो, कटऑफवर 3 ऐवजी 6 डेसिबल घट होते, हेही लिहायला हवं.

सायकिट-इमेजमध्ये एसएसआयएम (दोन इमेजेसमधलं साम्य मोजणारा आकडा) काढताना डेटा रेंज द्यायलाच हवी. जुन्या आवृत्त्या फ्लोट इमेजची रेंज 2 धरत, त्यामुळे 0 ते 1 मधल्या इमेजसाठी सूत्रातले स्थिरांक चौपट होत आणि आकडा उगाच चांगला दिसे. अलीकडच्या आवृत्त्या सरळ एरर देतात, हे योग्यच झालं. एसएसआयएमच्या मूळ 2004 च्या पेपरशी जुळवायचं तर गॉसियन वजनं चालू, सिग्मा 1.5 आणि सॅम्पल कोव्हेरियन्स बंद, असं तिन्ही करावं लागतं. ओपनसीव्हीत रंगांचा क्रम निळा-हिरवा-लाल असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या रिसाइझची खोड कमी लोकांना माहीत असते: बायक्यूबिकने इमेज लहान करताना तो अँटी-एलियासिंग करत नाही, मॅटलॅबचा इमरिसाइझ करतो. सुपर-रिझोल्यूशनच्या पेपरांतले बरेच आकडे मॅटलॅबने लहान केलेल्या इमेजेसवरचे आहेत. ओपनसीव्हीने लहान करून त्यांच्याशी तुलना केली तर ती तुलनाच होत नाही.

फक्त मॅटलॅब कोड उपलब्ध असेल तर ऑक्टेव्ह हा त्याचा मोफत पर्याय. सिग्नल आणि इमेज ही पॅकेजेस वेगळी टाकावी लागतात आणि प्रत्येक सत्रात लोडही करावी लागतात. ‘फंक्शन अनडिफाइन्ड’ आलं की आधी हेच बघा.

पेपर शोधायला आर्काइव्ह (arXiv) हा समीक्षेआधीच्या पेपरांचा खुला संग्रह. तिथे 2017 मध्ये ईईएसएस (विद्युत अभियांत्रिकी आणि प्रणालीविज्ञान) विभाग आला, त्यात एसपी (सिग्नल) आणि आयव्ही (इमेज आणि व्हिडिओ) हे आपले उपविभाग. त्याआधीचं सिग्नल प्रोसेसिंग सीएस-आयटीमध्ये, इमेजचं सीएस-सीव्हीमध्ये आणि ध्वनीचं सीएस-एसडीमध्ये विखुरलेलं आहे, म्हणून फक्त ईईएसएसमध्ये शोधून थांबू नका. अनेक पेपरांची लाटेक सोर्स फाइलही उतरवता येते. छापील समीकरणातलं धूसर चिन्ह नेमकं कोणतं हे तिथे कळतं. समीक्षा झालेली नसते, म्हणून पेपर पुढे कुठे छापून आला का ते पाहा आणि कुठल्या आवृत्तीतला आकडा घेतला तेही टिपून ठेवा. पैसे भरून वाचायच्या पेपरसाठी अनपेवॉलचं ब्राउझर एक्स्टेंशन आणि गुगल स्कॉलरमधलं ‘सर्व आवृत्त्या’ हे दोन मार्ग आधी वापरा. लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे सापडते.

पाया कच्चा असेल तर स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांची चार पुस्तकं पूर्ण स्वरूपात मोफत वाचता येतात. डीएफटीचं (डिस्क्रीट फूरिये ट्रान्सफॉर्मचं) गणित आणि फिल्टर ही पहिली दोन आधी घ्या. रोख ऑडिओवर असला तरी त्यातलं फिल्टरचं विवेचन ईसीजी करणाऱ्यालाही तितकंच लागू पडतं.

आपला कोड आणि डेटा ठेवायला झेनोडो हा खुला संग्रह घ्या. तिथे एका कामाला दोन प्रकारचे डीओआय (कायमचे ओळख क्रमांक) मिळतात: एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, एक नेमक्या आवृत्तीचा. पेपरमध्ये दुसरा द्या. पहिला दिला तर वाचणारा नव्या आवृत्तीवर पोहोचतो आणि तुमच्या तक्त्यातला आकडा त्याच्याकडे निघत नाही.