उत्तर टोक अजिंक्यताऱ्याकडे
गेल्या हिवाळ्यात वासोटा किल्ल्याच्या ट्रेकला जाण्यापूर्वी मी आमच्या बारा जणांसाठी खिशात मावतील अशा आणीबाणीच्या डब्या भरत होतो. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत ब्लेड, सुई-दोरा, काड्या, शिट्टी आणि शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडे मोठे होकायंत्र, एवढाच सरंजाम. बाकीचे सामान घरातच निघाले. फसगत झाली ती होकायंत्रात. ती सविस्तर लिहितो आहे, कारण विक्रेत्याने मला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अर्धी खरी होती.

साताऱ्यात ‘कंपास’ मागितला की बहुतेक दुकानदार भूमितीची पेटी पुढे ठेवतात, म्हणून ट्रेकिंगचे साहित्य ठेवणारे एक दुकान शोधून तेथे गेलो. काउंटरवरचा नमुना उत्तम होता: साधारण २० मिलिमीटर व्यास, आत द्रव भरलेला, आणि कसाही फिरवला तरी तबकडी दोन-तीन सेकंदांत शांतपणे जागेवर येणारी. नगाला १५० रुपये ठरले. मग आतून सीलबंद पाकिटांचा ट्रे आला. त्यातल्या तबकड्या वाटेल त्या दिशांना तोंड करून बसल्या होत्या, हे मी पाहिले आणि विचारलेही. “सर, चुंबक एकमेकांना ओढतात. घरी सुटे केलेत की सगळे उत्तरच दाखवतील.” शेजारी ठेवलेली होकायंत्रे एकमेकांना खरोखरच चुकवतात, त्यामुळे मी गप्प बसलो. एकेक पाकीट उचलून चार पावले बाजूला नेऊन पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

संध्याकाळी गच्चीवर लाकडी स्टूल ठेवून, एका वेळी एकच यंत्र त्यावर घेऊन तपासणी केली. पहिल्याच यंत्राचे लाल टोक अजिंक्यताऱ्याकडे गेले. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे हे साताऱ्यातले शेंबडे पोरही सांगेल. अंधार पडल्यावर ध्रुवताऱ्याशी ताडून पाहिले. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्याही खाली असतो, आणि होकायंत्र दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा व खरी उत्तर दिशा यांतला फरक येथे एका अंशाहूनही कमी असल्यामुळे अशा तपासणीला तो पुरेसा आहे. बारांपैकी चार यंत्रे चक्क उलटी निघाली. तिघांत द्रवच नव्हता, त्यामुळे त्यांची तबकडी किंचित तिरकी होताच काचेला चिकटत होती. आणखी तिघांत एवढा मोठा बुडबुडा होता की तबकडी त्याच्या कडेला अडून राही. कामाची उरली दोन.

अडलेली तबकडी निदान दिसते, उलटे यंत्र मात्र अत्यंत सफाईने आणि ठामपणे चूक सांगते. एवढ्या लहान चुंबकाचे ध्रुव जोरदार चुंबकाशेजारी, उदाहरणार्थ मोबाइलच्या चुंबकी स्टँडजवळ, पडून राहिल्याने उलटू शकतात. वासोट्याच्या जंगलात परतीची वाट पूर्वेला, शिवसागर जलाशयाच्या काठाकडे उतरते आणि पश्चिमेला कडे थेट कोकणात तुटतात, एवढे लक्षात घेतले की १५० रुपयांचा हिशेब मागे पडतो.

दुसऱ्या दिवशी दहा नग घेऊन गेलो, तेव्हा उत्तर तयारच होते: “पत्र्याच्या डबीत ठेवलेत ना? त्यातच बिघडले.” हेही अर्धे खरे. पत्रा आणि ब्लेड जवळ असेपर्यंत तबकडी भरकटते, पण बाहेर काढून दूर नेली की ती सावरते. साध्या पत्र्याने ध्रुव उलटे होत नाहीत. शिवाय माझी यंत्रे डबीत गेलीच नव्हती. त्यावर “सील फोडलेला माल परत घेत नाही” असे ऐकवण्यात आले आणि बिल मागितले तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता १,८०० हा आकडा लिहून मिळाला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि बिलावर वेगळी मुदत छापलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. हे मला नंतर कळले. पैसे यूपीआयने दिल्याची नोंद मोबाइलमध्ये होती, तिच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, आणि दहाही नग पाकिटांसह जपून ठेवले आहेत.

पुढची खरेदी दुसऱ्या दुकानात केली, तीही दोनच नगांची. दोन्ही हातभर अंतरावर ठेवून पाहिले, घराची लोखंडी किल्ली जवळ नेऊन तबकडी हलवली, किल्ली लांब केली आणि ती प्रत्येक वेळी त्याच खुणेवर परत येते का हे चार-चारदा तपासले. नंतर थोडे तिरके धरून पाहिले आणि दुकानाच्या पायरीवर येऊन अजिंक्यताऱ्याकडे तोंड केले. दुकानदार हसला, पण थांबला. लाल टोक माझ्या पाठीकडे होते. ती यंत्रे डबीत न ठेवता प्लास्टिकच्या शिट्टीबरोबर गळ्यातल्या दोरीला बांधली आहेत.