हनोईहून आणलेला लाकडी बेडूक: दिसण्यावर जाऊ नका, आवाज ऐकून घ्या

एप्रिलमध्ये व्हिएतनामला गेले होते तेव्हा हनोईच्या जुन्या पेठेतून, होआन किएम तलावाच्या उत्तरेला ज्या चिंचोळ्या गल्ल्या आहेत ना तिथून, एक लाकडी बेडूक घेतला. थायलंडला जाऊन आलेल्या कुणाच्या तरी शोकेसमध्ये तुम्हीही बघितला असेल. पाठीवर करवतीसारखे दाते, पोट आतून कोरून पोकळ केलेलं, आणि एक गोल काडी. काडी पाठीवरून मागून डोक्याकडे ओढली की डर्रर्राव! अगदी भरलेल्या शेताच्या बांधावर ऐकू येतं तसं. चार महिने झाले घेऊन, आता लिहायला हरकत नाही.

मधला साइझ, तळहातापेक्षा थोडा मोठा, १ लाख २० हजार डाँग पडले म्हणजे आपले साधारण ४०० रुपये. छोटे स्वस्त असतात पण ते किरकिरतात, बेडूक कमी आणि रातकिडा जास्त वाटतो. मोठा मस्त घुमतो पण बॅगेत कुठे ठेवणार. मी दुकानात बसून नऊ-दहा वाजवून बघितले, दुकानातल्या ताई अजिबात वैतागल्या नाहीत, उलट त्यांनीच दाखवलं की आधी काडीने डोक्यावर टकटक करायचं, लाकडाला बारीक चीर असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, तो बाजूला ठेवायचा.

मग त्यांनी फोनवर भाषांतर करत करत गोष्ट सांगितली आणि खरं सांगू का, मी पैसे त्या गोष्टीचेच दिले. फार मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा बेडूक वर आभाळाच्या देवाकडे जाब विचारायला निघाला, वाटेत खेकडा, अस्वल, वाघ, मधमाश्या, कोल्हा असे सगळे तहानलेले त्याच्याबरोबर झाले. दारात मोठा नगारा होता तो बेडकाने वाजवला. देवाने चिडून कोंबडा पाठवला तो कोल्ह्याने उचलला, कुत्रा पाठवला तर अस्वल आडवं आलं, विजेचा देव आला तर मधमाश्या डसल्या, तो पाण्याच्या रांजणात लपायला गेला तर आत खेकडा बसलेलाच. शेवटी देव नमला आणि बेडकाला म्हणाला, मामा, परत एवढ्या लांब येऊ नका, खाली बसूनच नुसते दात करकरवा, मी पाऊस पाठवतो. मामा! त्यांच्या भाषेत आईच्या भावाला जो शब्द आहे तोच. तिकडे अजून म्हणतात की बेडूक हा आभाळाचा मामा, त्याला जो मारेल त्याला आभाळ मारेल. (ही गोष्टीतली स्वारी आपण ज्याला खरखरीत अंगाचा बेडूक म्हणतो ती, साधा बेडूक त्यांच्याकडे वेगळा.)

हे ऐकून मला एकदम आजोळ आठवलं, मराठवाड्यात, पाऊस लांबला की पोरं कडुलिंबाचा पाला गुंडाळून मुसळाला बेडूक बांधून घरोघरी यायची, धोंडी धोंडी पाणी दे, आणि आजी तांब्याभर पाणी ओतायची. तो बांधलेला बेडूक मला तेव्हाही बघवत नव्हता. कुठे हनोई कुठे मराठवाडा, पण पाऊस मागायला दोन्हीकडे बेडूकच. आणि हे आजकालचं नाही, व्हिएतनाममधल्या प्राचीन डाँग सन संस्कृतीच्या काळातले काशाचे ढोल आहेत, दोन हजार वर्षांहून जुने, त्यातल्या काहींच्या वरच्या तबकडीवर कडेकडेने बेडूक बसवलेले आहेत.

त्याच दुकानात डाँग हो गावाच्या पद्धतीचं लाकडी ठशाचं चित्र पण होतं, बेडूक मास्तर आणि समोर शिकणारी बेडकं. ते बघून तर मी उडालेच, कारण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या १०३व्या सूक्तात अगदी हेच आहे, एक बेडूक बोलतो आणि दुसरा त्याच्यामागून म्हणतो, गुरूमागून शिष्य म्हणतो तसं. चित्र पण घेतलं.

आता तक्रारी. काडी फार हलकी निघाली, दुसऱ्या आठवड्यात भाचीच्या हातात मोडली, मग सुताराकडून शिसवीची छोटी काडी करून घेतली, तिने तर आवाज जास्तच खुलला. पॉलिशला महिनाभर उग्र वास होता, लहान मूल तोंडात घालणारं असेल तर देऊच नका. जुलैत दात्यांच्या खाचांमध्ये पांढरी बुरशी धरली, कोरड्या टूथब्रशने काढून खोबरेल तेलाचा हात फिरवला, नंतर नाही आली.

आणि एक, मैत्रिणीसाठी असाच एक ऑनलाइन मागवला तो मात्र घेऊ नका, दाते मशीनने वरवर कापलेले, पोट नीट कोरलेलंच नाही, काडी नुसती घसरते. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून म्हणते हातात घेऊन वाजवल्याशिवाय नाही.

आईने जूनमध्ये पाऊस येईपर्यंत रोज संध्याकाळी गॅलरीत बसून तीनदा वाजवला, गोष्ट ऐकल्यापासून ती त्याला मामाच म्हणते. पुढच्या वेळी कुणी हनोईला जाणार असेल तर मला मोठ्या साइझचा एक हवाय, आणि दुकानात जास्तीची काडी मागून घ्या.